काचेच्या पेटीतला समुद्र

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, पन्नास मार्कांचं. शुद्धलेखनाबद्दल संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण या माणसाची गोष्ट मी पहिल्यांदा मेसच्या टेबलवर मैत्रिणींना मराठीतच सांगितली होती, म्हणून इथेही मराठीतच.

माझ्या मावसभावाकडे खाऱ्या पाण्याचा टँक होता. दोन क्लाउनफिश, थोडे कोरल, निळा लाईट. मला त्यात समुद्री घोडे हवे होते. त्याने मला वेड्यात काढलं. एकतर २००१ मध्ये समुद्री घोडा आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला गेला, जिथे वाघ होता तिथेच. पाळणं सोडाच, पकडणंसुद्धा गुन्हा. दुसरं म्हणजे या प्राण्याला जठरच नसतं. खाल्लेलं पटकन पुढे सरकतं, म्हणून दिवसातून अनेकदा भरवायचं. पोहायला तर इतका कच्चा, की कोरलसाठी ठेवलेल्या पाण्याच्या जोरात तो दमतो, आणि आधारासाठी शेपटी गुंडाळावी तर काही कोरल डंख मारतात. एवढं ऐकल्यावर मी चिडून विचारलं, मग घरात समुद्र ठेवायचं हे खूळ काढलं तरी कोणी?

उत्तर शोधताना फिलिप हेन्री गॉस भेटला.

गॉसचा जन्म १८१० मधला, इंग्लंडमधल्या वुस्टरचा. वडील गावोगाव फिरून छोटी पोर्ट्रेट्स रंगवायचे, म्हणजे पैशाची कायम बोंब. बालपण पूल नावाच्या बंदराच्या गावात गेलं. तिथे एका आत्याने त्याला समुद्रफुलं, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, ओळखायला शिकवलं. सतराव्या वर्षी तो न्यूफाउंडलंडला कारकुनीला गेला. तिथे किडे गोळा करायचा नाद लागला. पुढे कॅनडात शेती केली, ती बुडाली. अलाबामात मास्तरकी केली, तीही टिकली नाही. एकोणतिसाव्या वर्षी साहेब जवळजवळ रिकाम्या खिशाने इंग्लंडला परत. आपल्याकडे याला लोक सरळ वाया गेलेला म्हणाले असते. पण त्याच्याकडे वह्या होत्या, आणि वडिलांकडून आलेला चित्रांचा हात होता. मग पुस्तकं आली. १८४४ मध्ये जमैकाला जाऊन त्याने दीड वर्ष पक्षी गोळा केले, त्यावरही पुस्तक लिहिलं.

१८४८ मध्ये त्याचं एमिली बोव्ज हिच्याशी लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशीच्या डायरीत गॉसने दोन नोंदी केल्या: मुलगा झाल्याची, आणि जमैकाहून एक हिरवी पाकोळी आल्याची. संपलं! आमच्या टेबलवर यावर खूप हसू झालं. मला मात्र तो दुष्ट वाटत नाही. सबमिशनच्या आठवड्यात आपणही घरच्या फोनवर असंच बोलतो.

आता मुख्य भाग. १८५२ मध्ये तब्येतीसाठी तो डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत तासन्‌तास वाकून बसायचा. त्यातले जीव बाटलीत आणले की मरायचे. का, तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ तेव्हा वनस्पती, गोगलगाय आणि मासे यांचा हिशोब जुळवत होता. वनस्पती ऑक्सिजन देते, गोगलगाय सडलेली पानं खाते, म्हणजे पाणी बदलायची गरज कमी. गॉसने हेच खाऱ्या पाण्यात, हिरव्या समुद्री शेवाळावर जमवलं. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यात गॉसने डेव्हनहून गोळा केलेले जीव होते. १८५४ च्या त्याच्या पुस्तकामुळे तर ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्दच घरोघरी गेला.

त्याच वर्षी त्याने समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी समुद्राचं पाणी बनवलं. ब्रायटनच्या पाण्याचं केमिकल अ‍ॅनालिसिस छापलेलं होतं, ते घेऊन बसला. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड, बस, चारच पदार्थ. चुन्याचे क्षार त्याने वगळले. (आजच्या रीफ टँकवाल्याला हे ऐकून चक्कर येईल, कारण कॅल्शियमशिवाय कोरलचा सांगाडा वाढत नाही.) मग त्या पाण्यात आधी काही दिवस फक्त शेवाळाचे दगड ठेवले आणि नंतर प्राणी सोडले. आज आपण टँक आधी काही आठवडे ‘सायकल’ करतो, कारण माशांचा अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढायला वेळ लागतो. त्या बॅक्टेरियांबद्दल तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती. थांबायचं एवढं मात्र त्याला कळलं होतं.

आणि मग लाट आली. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, काच स्वस्त झाली होती. रेल्वे थेट किनाऱ्यावर पोचत होती. घरोघरच्या दिवाणखान्यात टाक्या आल्या. गॉस स्वतः किनाऱ्यावर वर्ग घ्यायचा. पुस्तकं हातात घेऊन लोक डबक्यांवर तुटून पडले, छिन्नीने खडकावरून जीव सोलून नेऊ लागले. त्यातले बहुतेक घरी जाऊन मेले असणार, वेगळं सांगायला नको. काही वर्षांत त्याच्या लाडक्या किनाऱ्याची डबकी ओकीबोकी झाली. एडमंडने १९०७ मधल्या आपल्या आठवणींत लिहिलंय, की आपल्याच पुस्तकांमुळे हे घडलं याचं वडिलांना अतिशय दुःख होतं.

मधलं १८५७ हे वर्ष तर वाचवत नाही. फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्याच वर्षी त्याने ‘ओम्फॅलोस’ छापलं. बायबल आणि भूगर्भशास्त्र दोन्ही खरं मानायचं, तर एकच वाट, असं त्याला वाटलं: देवाने जग निर्माण करतानाच त्यावर जुनेपणाच्या खुणा ठेवल्या, जशी आईच्या पोटी न जन्मलेल्या आदमलाही बेंबी. वैज्ञानिक हसले, धार्मिक लोकही रागावले. चार्ल्स किंग्जली हा मित्र, त्यालाही ते पटलं नाही. पुस्तकाच्या कित्येक प्रती रद्दीत गेल्या. मला तो इथे चुकला असंच वाटतं. पण ज्याने डबक्यातलं एवढं नीट पाहिलं, त्याने खडकाकडे पाहायला नकार द्यावा, हे मला अजून उमगत नाही.

त्या वर्षी तो मुलाला घेऊन डेव्हनला कायमचा राहायला गेला. १८६० पर्यंत ब्रिटनमधल्या समुद्रफुलांवर आणि प्रवाळांवर मोठा ग्रंथ पूर्ण केला, चित्रं स्वतः काढली. त्याच वर्षी दुसरं लग्न केलं. मग ऑर्किड लावली. पंचाहत्तरी उलटल्यावर हडसनबरोबर रोटिफर नावाच्या सूक्ष्म जीवांवर ग्रंथ काढला. १८८८ मध्ये वारला.

मागच्या पावसाळ्यात मावसभावाच्या बिल्डिंगची लाईट रात्रभर गेली. पंप बंद. सकाळी क्लाउनफिश तरंगत होते. त्याने टँक धुऊन गच्चीत ठेवलाय. मिठाची अर्धी बादली उरली आहे, ती मी मागून हॉस्टेलवर आणली. रूममेटला वाटतं, कपडे धुवायची पावडर आहे.