समर्थांचा एकांत

आज चैत्र शुद्ध नवमी. नाशिकहून पेठच्या वाटेने निघाले, की दिंडोरी तालुक्यात आशेवाडीच्या माथ्यावर एक आटोपशीर गड दिसतो. त्याचे नाव रामशेज, म्हणजे रामाची शय्या. वनवासात प्रभू रामचंद्रांनी येथे विसावा घेतला, अशी या पंचक्रोशीची श्रद्धा आहे. गड चढताना रामाचे मंदिर लागते. कोदंडधारी रामाच्या पराक्रमाबरोबर त्याच्या विश्रांतीचेही स्मरण लोकांनी अख्ख्या डोंगराला नाव देऊन जपावे, ही गोष्ट मोठी सूचक होय.

याच रामाचा एक थोर दास याच नवमीला जन्मास आला. शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ चे ते वर्ष. गोदातीरीचे जांब हे त्याचे गाव, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई हे मातापिता. नारायण हा मुलगा मोठा खोडकर. परंतु एकदा तो दिवसभर दिसेना. शोधता शोधता मातोश्रींना तो घरातील अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसलेला सापडला. इतका वेळ काय करीत होतास, असे विचारता त्याने विश्वाची चिंता करीत होतो असे सांगितले, ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे.

बाराव्या वर्षी हा मुलगा विवाहमंडपातून निघाला तो थेट पंचवटीस आला आणि जवळच टाकळी येथे, नंदिनी व गोदावरीच्या संगमी राहिला. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून रामनामाचा जप, मग पंचवटीत माधुकरी, दुपारी ग्रंथवाचन आणि श्रवण, असा त्याचा नित्यक्रम होता. वाल्मीकी रामायण त्याने स्वहस्ते उतरून काढले; ती पोथी धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. अशी एक ना दोन, बारा वर्षे गेली. चरित्रे सांगणारे आपण बहुधा ही बारा वर्षे दोन ओळींत आटोपतो आणि चाफळकडे धाव घेतो. त्या काळी गोदेच्या घाटावरून जाणाऱ्या एखाद्या व्यवहारी गृहस्थाने पाण्यात उभ्या या तरुणाला निरुद्योगी म्हटले असते, तर नवल नव्हते.

परंतु आळसावर समर्थांइतके कठोर प्रहार मराठीत क्वचितच कुणी केले असतील. त्यांची स्थिरता म्हणजे कामाचा कंटाळा नव्हे. टाकळीनंतर बारा वर्षे त्यांनी भारतभर तीर्थाटन केले. पुढे कृष्णातीरी आल्यावर इ.स. १६४८ मध्ये चाफळचे राममंदिर, शिवाय अकरा मारुती, गावोगावचे मठ आणि महंत असा व्याप वाढतच गेला. तो वाढला तेव्हा समर्थ शिवथरच्या घळीत जाऊन बसले. बाहेर धबधबा, आत काळोख, समोर लेखणी घेतलेले कल्याणस्वामी. वीस दशकांचा, दोनशे समासांचा दासबोध तेथे आकारास आला. लोकसंग्रह करणाऱ्याने एकांत सोडू नये, हा त्यातील आग्रह स्वानुभवाचा आहे.

आपल्या घरी मात्र आजच्या दिवशीही निवांतपणा नसतो. दिंडोरीच्या परिसरात द्राक्षांची शेवटची तोड आणि पाठोपाठ छाटणीची घाई, घरात पाहुणे, गृहिणी पहाटेपासून चुलीपाशी. बरोबर मध्यान्ही पाळण्याची दोरी हाती येते आणि क्षणभर सारे घर थांबते. सुंठवडा वाटून होतो न होतो, तोच पंगतीची लगबग सुरू. ज्या माउलीने सारा उत्सव उभा केला, तिला मूर्तीसमोर घटकाभर स्वस्थ बसू देण्याचे आपणांपैकी कितीजणांना सुचते?

इ.स. १६७६ पासून समर्थांचा मुक्काम सज्जनगडावर होता. तंजावरहून आलेल्या राममूर्तींची त्यांनी तेथे स्थापना केली आणि त्यानंतर काही दिवसांतच, अन्न वर्ज्य करून, त्या मूर्तींसमोर बसून, माघ वद्य नवमी शके १६०३ रोजी, म्हणजे इ.स. १६८२ मध्ये देह ठेवला. त्याच वर्षी औरंगजेबाच्या फौजेने रामशेजेला वेढा घातला आणि मूठभर मराठ्यांनी तो गड वर्षानुवर्षे झुंजविला.

टाकळीस समर्थांनी गोमयाचा घडविला तो मारुती अद्याप आहे. रामनवमीचा उत्सव आटोपल्यावर, सायंकाळी गर्दी ओसरली म्हणजे तेथे जावे.