होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर, १९०९ : मुंबई – २४ जानेवारी, १९६६ : माँ ब्लाँ पर्वत, आल्प्स) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक व भारतीय अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष होते. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मोजमापाची उपकरणे, नियंत्रण यंत्रणा आणि संगणक यांची आखणी देशातच करण्याची जी परंपरा त्यांच्या संस्थांत निर्माण झाली, ती त्यांच्या कार्याची तुलनेने कमी परिचित बाजू आहे.

बालपण आणि शिक्षण

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर हे कायदेतज्ज्ञ होते, तर आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी होत्या. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून ते १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. त्यांनी अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यांचा स्वतःचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळाल्यास पुढे गणित शिकू देण्याचे वडिलांनी मान्य केले. त्यानुसार १९३० मध्ये यांत्रिकी शास्त्राची व १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा त्यांनी प्रथम वर्गात उत्तीर्ण केली. अनिच्छेने घेतलेले अभियांत्रिकीचे शिक्षण पुढे संस्था उभारताना त्यांच्या उपयोगी पडले.

विश्वकिरणांचे संशोधन

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्परांवरील प्रकीर्णनाला भाभा यांचे नाव देण्यात आले आहे. विश्वकिरणांपासून कणांचा वर्षाव कसा निर्माण होतो, याचा सिद्धांत त्यांनी १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह मांडला. १९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग उभारला. १९४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या संशोधनात इलेक्ट्रॉनिकी अपरिहार्य होती. विश्वकिरणातील कण ज्या मार्गाने जातो, त्या मार्गावर अनेक गणक नलिका ठेवलेल्या असतात. सर्व नलिकांकडून एकाच वेळी स्पंद आला, तरच नोंद करणारा परिपथ त्यासाठी लागतो. असा परिपथ केवळ मोजत नाही, तर निर्णयही घेतो. संगणकाचे परिपथही अशाच तार्किक क्रियांवर उभे असतात.

संस्थेची स्थापना

१९४४ च्या मार्चमध्ये भाभा यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेचा प्रस्ताव मांडला. १९४५ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात आली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाल्यावर त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. प्रयोगांना लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे संस्थेतच तयार होऊ लागली आणि त्यातून ए. एस. राव यांच्यासारख्या अभियंत्यांचा गट घडला.

अप्सरा अणुभट्टी

४ ऑगस्ट, १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते. भट्टी मात्र भारतीय अभियंत्यांनी सुमारे वर्षभरात उभारली. तिची इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणाही राव यांच्या गटाने देशातच बनवली. न्यूट्रॉनांची संख्या सतत मोजणे, त्यानुसार नियंत्रक दांडे हलवणे व मर्यादा ओलांडली जाताच भट्टी बंद करणे हे अशा यंत्रणेचे काम असते. येथे एखादा सुटा परिपथ बिनचूक असून भागत नाही. कोणता भाग निकामी झाल्यास काय घडेल, याचा विचार संपूर्ण यंत्रणेच्या पातळीवर आधीच करावा लागतो.

टिफ्रॅक संगणक

१९५० च्या दशकाच्या मध्यास भाभा यांच्या संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली अंकीय संगणकाचे काम सुरू झाले. गटातील तरुणांना संगणक बांधण्याचा पूर्वानुभव जवळजवळ नव्हता. प्रथम १९५६ मध्ये लहान प्रायोगिक यंत्र तयार करण्यात आले व त्यानंतर पूर्ण आकाराचे यंत्र बांधून १९६० मध्ये ते कार्यान्वित झाले. शब्दाची लांबी, आज्ञांचा संच व स्मृतीचा आकार आधी निश्चित करणे, त्यावरून गणन, नियंत्रण व स्मृती हे विभाग पाडणे, प्रत्येक विभागाची तार्किक रचना करणे आणि शेवटी ती प्रत्यक्ष भागांतून साकारणे, असा अशा यंत्राच्या आखणीचा क्रम असतो. या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रेझिस्टर होते. त्याच्या फेराइट स्मृतीत ४० अंकांचे २,०४८ द्विमान शब्द मावत. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव देण्यात आले.

तोपर्यंत जगात ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक आले होते आणि निर्वात नलिकांचे यंत्र कालबाह्य ठरू लागले होते. १९६४ मध्ये संस्थेने सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आणला. टिफ्रॅकचा उपयोग अल्पकाळ झाला, तरी त्यामुळे भारतात संगणकाची आखणी जाणणारी पहिली पिढी तयार झाली. मात्र आखणीचे ज्ञान असूनही सुट्या भागांचा उद्योग नसल्यास देश मागे पडतो, हेही या अनुभवातून दिसून आले.

इलेक्ट्रॉनिकी समिती

१९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्र सरकारने १९६३ मध्ये भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिकी समिती नेमली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम व ए. एस. राव हे तिचे अन्य सदस्य होते. दहा वर्षांत या क्षेत्रात देश स्वावलंबी व्हावा, असे उद्दिष्ट समितीने ठेवले व त्यासाठी सुट्या भागांपासून संगणकांपर्यंतच्या गरजांचा विचार केला. समितीचा अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु तो पाहण्यास भाभा हयात नव्हते.

मृत्यू आणि वारसा

२४ जानेवारी, १९६६ रोजी व्हिएन्ना येथील बैठकीसाठी जात असताना एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले व त्यात भाभा यांचा मृत्यू झाला. ते अविवाहित होते. चित्रकला व पाश्चात्त्य संगीत यांची त्यांना विशेष आवड होती. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण प्रदान करण्यात आले होते.

१९६७ मध्ये तुर्भे येथील केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. त्याच वर्षी हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली व राव तिचे प्रमुख झाले. तुर्भे येथे विकसित झालेला टीडीसी-१२ हा संगणक या कंपनीने १९६९ मध्ये बाजारात आणला. अणुभट्टीच्या मोजमापासाठी घडलेले मनुष्यबळ अशा रीतीने देशाच्या संगणक उद्योगाच्या उभारणीस कारणीभूत ठरले.