खाणीतला दिवा आणि विद्वानांचा दरबार

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्या देशात अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा तो जन्मदिवस. सत्कार होतात, मानपत्रे वाचली जातात, शाली पांघरल्या जातात. त्यात गैर काही नाही. ज्यांनी धरणे, पूल आणि रस्ते बांधले त्यांचा गौरव झालाच पाहिजे. पण गौरव कोण करतो, कोणाचा करतो आणि कोणाला दारातच अडवतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. योगायोग असा की याच तारखेला, १५ सप्टेंबर १८३० रोजी, इंग्लंडमध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. दोन मोठ्या शहरांना जोडणारी, वाफेच्या इंजिनांच्या जोरावर वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी नेणारी जगातील ती पहिली रेल्वे. तिचा मुख्य अभियंता वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता. त्याचे नाव जॉर्ज स्टीफन्सन.

न्यूकॅसलजवळच्या वायलम या कोळसाखाणीच्या गावात ९ जून १७८१ रोजी त्याचा जन्म झाला. बाप खाणीतले पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन. आई-बाप दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. एका घरात चार कुटुंबे, त्यांतली एक खोली स्टीफन्सनांची. दारासमोरून लाकडी रुळांवर घोडे कोळशाच्या वाघिणी ओढत जायचे. पोराच्या वाट्याला शाळा आली नाही. गुरे राखणे, कोळशातले दगड वेचणे अशी कामे करत तो बापाच्या हाताखाली इंजिनावर आला आणि सतराव्या वर्षी स्वतः इंजिन चालवू लागला. इंजिन बिघडले की दुसरा इंजिनियरला बोलावायला पळायचा, हा ते उघडून बसायचा. सुटीच्या दिवशी सगळे भाग सुटे करायचे, पुसायचे, पुन्हा जोडायचे, हे त्याचे विद्यापीठ.

मग त्याच्या लक्षात आले की वॅट वगैरे मंडळींच्या इंजिनांची माहिती पुस्तकांत आहे आणि पुस्तके आपल्याला मुकी आहेत. तेव्हा तो रात्रशाळेत जाऊ लागला. दिवसभर खाणीवर राबायचे, मजुरीतून फी भरायची आणि रात्री पाटीवर अक्षरे गिरवायची. आपल्या वाचकांना रात्रशाळा म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या कित्येक घरांतली पहिली सही तिथेच गिरवली गेली आहे. गणिते तो इंजिनाच्या भट्टीच्या उजेडात सोडवायचा. हस्ताक्षर मात्र जन्मभर वेडेवाकडेच राहिले. पुढे मोठा झाल्यावरही पत्रे तो दुसऱ्याकडून लिहवून घेत असे.

संसाराने त्याला सुख दिले नाही. १८०२ साली फ्रान्सिस हेंडरसनशी लग्न झाले, १८०३ साली मुलगा रॉबर्ट झाला. १८०५ साली झालेली मुलगी काही आठवड्यांतच गेली आणि १८०६ साली क्षयाने बायकोही गेली. बापाला इंजिनाच्या अपघातात आंधळेपण आले. जवळचा पैसा बापाचे कर्ज फेडण्यात आणि सैन्यभरतीत आपल्या जागी दुसरा माणूस देण्यात संपला. देश सोडून अमेरिकेला जावे असेही मनात येऊन गेले, पण जायलाही पैसे लागतात. रात्री जोडे शिवून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळे दुरुस्त करून तो पोराच्या शाळेचे पैसे जमवत राहिला. जोडे शिवणाऱ्या या हातांनी पुढे जगाला रेल्वे दिली, हे आपण ध्यानात ठेवू.

त्याला पहिली मान्यता मिळाली ती १८११ साली. किलिंगवर्थच्या एका नव्या खाणीतले पाणी उपसणारे इंजिन वर्षभर चालत नव्हते. नावाजलेले इंजिनियर हात टेकून गेले. जॉर्जने इंजिन पाहिले आणि आठवड्यात खाण कोरडी करतो असे सांगितले. नाइलाजाने त्याला संधी देण्यात आली आणि काही दिवसांतच मजूर तळाशी कामाला उतरले. पुढच्या वर्षी त्याला तिथल्या खाणींचा इंजिन-मिस्त्री नेमले. १८१४ साली त्याने ब्लूखर हे आपले पहिले रेल्वे इंजिन बनवले. चढावर सुमारे तीस टन कोळसा ते ताशी चार मैलांच्या वेगाने ओढत असे. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. वाफेचे रेल्वे इंजिन जॉर्ज स्टीफन्सनने शोधले नाही. त्याच्या दहा वर्षे आधी रिचर्ड ट्रेव्हिथिकने ते रुळांवर चालवून दाखवले होते. हा ट्रेव्हिथिक १८३३ साली कफल्लक अवस्थेत मेला.

आता दिव्याची गोष्ट.

कोळशाच्या खाणीत मिथेन वायू साठतो. उघड्या ज्योतीशी गाठ पडली की स्फोट. २५ मे १८१२ रोजी फेलिंगच्या खाणीत असाच स्फोट होऊन ९२ माणसे मेली. त्यांत लहान पोरेही होती, कारण खाणीत पोरेही कामाला असत. दिव्याशिवाय कोळसा खणता येत नव्हता आणि दिवा घेऊन उतरणे म्हणजे मरण हातात घेऊन उतरणे होते. खाणमालक आणि धर्मगुरू यांनी मदतीसाठी लंडनच्या सर हम्फ्री डेव्ही या विख्यात रसायनशास्त्रज्ञाला साकडे घातले. त्याच वेळी, कोणीही साकडे न घालता, जॉर्ज आपल्या परीने त्याच प्रश्नाच्या मागे होता. खाणीच्या भेगांतून वायू फुसफुसत बाहेर येई तिथे पेटत्या मेणबत्त्या नेऊन ज्योत कशी वागते हे तो पाहत होता. त्यातून त्याने दिवा तयार केला. ज्योतीभोवती काच आणि हवा आत येण्यासाठी खालून अरुंद नळ्या. पुढच्या नमुन्यात नळ्यांऐवजी धातूच्या पत्र्याला बारीक भोके. अरुंद वाटेतून जाताना धातू ज्योतीची उष्णता शोषून घेतो आणि आग बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. डेव्हीने हेच तारेच्या बारीक जाळीने साधले.

२१ ऑक्टोबर १८१५ रोजी पहिली चाचणी झाली. दोन सहकाऱ्यांना मागे थांबवून जॉर्ज एकटा, पेटता दिवा हातात धरून, वायूने भरलेल्या भागात शिरला. ज्योत फडफडली आणि विझली. स्फोट झाला नाही. डेव्हीने आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला तो ९ नोव्हेंबरला. एकाने प्रयोगशाळेत बसून सिद्धान्त मांडला, दुसऱ्याने स्वतःचा जीव पणाला लावून दिवा तपासला. दोघांचेही मोल मोठे आहे. पण न्याय कसा झाला तो पाहा. डेव्हीला रॉयल सोसायटीने रम्फर्ड पदक दिले, कोळसाखाणींच्या मालकांनी दोन हजार पौंडांचा नजराणा दिला, पुढे सरदारकीही मिळाली. जॉर्जच्या हातावर शंभर गिनी ठेवण्यात आल्या. वर चोरीचा आळ! इंजिनावरच्या अडाणी मिस्त्रीला हे सुचणे शक्यच नाही, तेव्हा त्याने ते डेव्हीकडूनच उचलले असले पाहिजे, असा तर्क लढवण्यात आला. पुरावा काय? त्याची पायरी, हाच पुरावा.

न्यूकॅसलच्या लोकांनी हे खपवून घेतले नाही. स्थानिक समितीने तारखा आणि साक्षी तपासल्या, जॉर्जने स्वतंत्रपणे दिवा बनवला असा निर्वाळा दिला आणि वर्गणीतून एक हजार पौंड उभे करून १८१८ साली त्याचा जाहीर सत्कार केला. डेव्हीने शेवटपर्यंत हे मान्य केले नाही. पुढे १८३०च्या दशकात हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीनेही दिव्यावर जॉर्जचा बरोबरीचा हक्क मानला, पण तेव्हा डेव्ही हयात नव्हता. आणि हा डेव्ही तरी कोण? लाकडावर नक्षी कोरणाऱ्याचा मुलगा, वैद्याच्या दुकानात उमेदवारी केलेला. त्याने या दिव्याचे पेटंट घेतले नाही, हे त्याचे मोठेपण नाकारायचे कारण नाही. पण बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला मायकेल फॅरेडे, जो दिव्याच्या प्रयोगांत त्याचा मदतनीस होता, त्याला १८२४ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व देण्यालाही डेव्हीनेच विरोध केला. खालून वर गेलेला माणूस शिडी ओढून घेतो, तेव्हा वरच्यांना वेगळा पहारेकरी ठेवावा लागत नाही.

उत्तरेकडच्या खाणींत मात्र पुढे अनेक वर्षे जॉर्जचाच दिवा जळत राहिला. त्याला मजूर जॉर्डी म्हणत. त्या भागातल्या माणसांना आजही जॉर्डी म्हणतात आणि ते नाव या दिव्यावरून पडले असे एक मत आहे.

या अनुभवाने जॉर्जने काय केले? पोराला आपल्यासारखा ठेवायचा नाही हे पक्के केले. रॉबर्टला न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले, जायला-यायला गाढव घेऊन दिले. तिथल्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळाच्या ग्रंथालयातून पोरगा पुस्तके वाचून यायचा आणि संध्याकाळी बाप पोराकडून शिकायचा. दोघांनी मिळून १८१६ साली दारावर बसवलेली सौरघड्याळाची पाटी त्या घराची ओळख झाली. पुढे त्याने रॉबर्टला एडिंबरा विद्यापीठातही पाठवले.

१८२५ साली जॉर्जने बांधलेली स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली. पण त्याच वर्षी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या विधेयकावर संसदेच्या समितीपुढे त्याची तीन दिवस उलटतपासणी झाली आणि तो पार उघडा पडला. त्याच्या खाणपट्ट्यातल्या बोलीला हसणारे हसले. हा माणूस परदेशी आहे काय, असेही कुणी विचारल्याचे चरित्रकार सांगतो. इथपर्यंत सहानुभूती ठीक. परंतु मोजणी खरोखरच चुकली होती. तिची पातळी-मापे त्याने सहाय्यकांवर सोडली होती, स्वतः तपासली नव्हती. विधेयक फेटाळले गेले. दुसऱ्यांकडून नवी मोजणी करवून १८२६ साली ते मंजूर झाले, तेव्हा प्रत्यक्ष बांधकामासाठी कंपनीला पुन्हा जॉर्जकडेच यावे लागले. वाटेत चॅट मॉस नावाची काही मैलांची दलदल होती. तिथे रेल्वे नेणे म्हणजे वेडेपणा, असे तज्ज्ञांनी शपथेवर सांगितले होते. जॉर्जने झुडपे, फांद्या आणि विणलेल्या काटक्यांचे थर अंथरून रूळमार्ग दलदलीवर अक्षरशः तरंगता ठेवला. आजही त्यावरून गाड्या धावतात.

१८२९च्या ऑक्टोबरमध्ये रेनहिल येथे इंजिनांची स्पर्धा झाली, बक्षीस पाचशे पौंड. रॉकेट हे इंजिन जिंकले. श्रेय लोकांनी जॉर्जला दिले. पण ते इंजिन मुख्यतः रॉबर्टने घडवले होते आणि बॉयलरमध्ये अनेक नळ्या घालण्याची कल्पना कंपनीचा चिटणीस हेन्री बूथ याची होती. ज्याचे श्रेय एकदा लाटले जाऊ पाहत होते, तो स्वतः दुसऱ्याला श्रेय देण्यात उदार होता असे म्हणवत नाही. जोसेफ लॉक हा त्याचा गुणी शिष्य. त्याने गुरूच्या बोगद्याच्या आखणीतली चूक दाखवली आणि दोघांत कायमचे बिनसले.

प्रसिद्धी आल्यावर सन्मान मागे धावू लागले. बेल्जियमच्या राजाने आपल्या पदकाने गौरवले. इंग्लंडमधला सर हा किताब त्याने नाकारला. सिव्हिल इंजिनियरांच्या लंडनच्या संस्थेने सदस्यत्वासाठी त्याच्याकडून पात्रता सिद्ध करणारा निबंध मागितला आणि त्याने तो लिहिण्यास नकार दिला, अशी कथा फार प्रचलित आहे. इतिहासकारांना तिला आधार सापडलेला नाही. मात्र ती लोकांना इतकी खरी का वाटली, हे दिव्याचे प्रकरण वाचल्यावर वेगळे सांगायला नको. १८४७ च्या जानेवारीत बर्मिंगहॅममध्ये मेकॅनिकल इंजिनियरांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन झाला. ज्यांचे हात तेलाने काळे होतात त्यांनी आपला मान्यतेचा शिक्का स्वतःच तयार केला.

स्माइल्स याने १८५७ साली त्याचे चरित्र लिहिले आणि ते घरोघर गेले. कष्ट करा, वर याल, हा त्याचा सूर. पण त्याच किलिंगवर्थमध्ये तितकेच कष्ट उपसून तिथेच संपलेल्या शेकडो माणसांचे काय, याचे उत्तर त्यात नाही. तरीही तिथली भिंत वर्गाची होती आणि ती एका पिढीत ओलांडता आली. एलिझाबेथ हिंडमार्श या शेतकऱ्याच्या मुलीला बापाने हलक्या कामाचा माणूस म्हणून जॉर्जशी लग्न करू दिले नव्हते. दोघांनी १८२० साली ते केले. निरक्षर बापाचा मुलगा रॉबर्ट रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि १८५५ साली त्याच सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. पायरी बदलता येत नाही अशी व्यवस्था काय करते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे.

या घराण्याचा धागा आपल्या दारापर्यंत येतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली हा रॉबर्टच्याच हाताखाली तयार झालेला. याच बर्कलीच्या देखरेखीखाली बोरघाट फोडला गेला. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. पटकीने आणि अपघातांनी हजारो मेले. त्यांचे आकडे नोंदींत आहेत, नावे नाहीत.

जॉर्ज स्टीफन्सन १२ ऑगस्ट १८४८ रोजी चेस्टरफील्डजवळच्या टॅप्टन हाउसमध्ये वारला. शेवटच्या वर्षांत तो काचेच्या नळ्यांत काकड्या सरळ वाढवत होता. त्याला तिथल्याच होली ट्रिनिटी चर्चमध्ये पुरले. रॉबर्टला १८५९ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजेरजवाड्यांच्या शेजारी जागा मिळाली. बँक ऑफ इंग्लंडने १९९० साली जी पाच पौंडांची नोट काढली तिच्यावर मात्र बापाचा चेहरा होता. २००३ पर्यंत ती मजुरांच्या खिशांतून फिरत राहिली.