बर्निसबाईंचं ऐकतंय कोण?

बाळाला पोलिओचा डोस पाजताना आपण किती निर्धास्त असतो, नाही? त्या निर्धास्तपणात डॉ. बर्निस एडी या बाईंच्या चिकाटीचाही वाटा आहे.

१९०३ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात डॉक्टरांच्या घरी त्या जन्मल्या. १९२७ मध्ये पीएच.डी. झाल्या. पुढे सरकारी संस्थेत लसी तपासायचं काम मिळालं.

१९५४ मध्ये पोलिओच्या नव्या लसीचे नमुने माकडांना टोचले, तर काही माकडं लुळी पडली! लसीत जिवंत विषाणू राहिला होता. बाईंनी वरिष्ठांना सांगितलं. पण ऐकतंय कोण? १९५५ मध्ये कटर कंपनीच्या सदोष लसीमुळे दीडशेहून जास्त जण लुळे झाले, १० जण दगावले.

लस तेव्हा माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवत. १९५९ मध्ये बाईंनी त्या पेशींचा अर्क हॅमस्टरच्या पिल्लांना टोचला. बऱ्याच पिल्लांना गाठी झाल्या. साहेबांनी हेही उडवून लावलं. १९६० मध्ये त्या न्यूयॉर्कच्या सभेत बोलल्या, आणि झालं! जाहीर बोलायला बंदी आली, प्रयोगशाळाही गेली.

गाठी करणारा तो विषाणू म्हणजे 'एसव्ही ४०'. १९६२ मध्ये दोन ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी तो काचेच्या भांड्यात वाढवलेल्या माणसाच्या पेशींवर सोडला. निरोगी पेशी शेजारणीला टेकली की वाढ आवरते. या पेशी मात्र एकमेकींवर चढून वाढतच सुटल्या! कारण पुढे कळलं. पेशीत 'पी५३' आणि 'आरबी' ही दोन प्रथिनं ब्रेकचं काम करतात. या विषाणूचं एक प्रथिन त्या दोघांना धरून निकामी करतं.

मग लस घेतलेल्यांचं काय? घाबरू नका. भांड्यातल्या पेशी वेगळ्या, जिवंत माणूस वेगळा. त्या काळी ती लस घेतलेल्यांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, पण तिच्यामुळे कॅन्सर वाढल्याचं सिद्ध झालं नाही. शिवाय १९६१ मध्येच अमेरिकेत नव्या लसीत हा विषाणू नसावा, असा नियम झाला.

बर्निसबाईंनी नोकरी मात्र सोडली नाही. मिळेल त्या जागेत काम करत त्या १९७३ मध्ये निवृत्त झाल्या. १९८९ मध्ये त्या गेल्या. त्यांनी लसीला कधीच विरोध केला नव्हता. ती आधी नीट तपासा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आपल्या लेकरांसाठी आपण तरी दुसरं काय मागतो?