जेम्स वॉटची मक्तेदारी

वाफेच्या यंत्राचा जनक म्हणून पाठ्यपुस्तके जेम्स वॉटचा गौरव करतात. वस्तुतः न्यूकोमेनचे यंत्र १७१२ पासूनच खाणींतले पाणी उपसत होते. १७३६ मध्ये ग्रीनॉक येथे जन्मलेला वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करी. त्या यंत्राची नादुरुस्त प्रतिकृती हाती येताच, सिलिंडर वारंवार तापविण्या-निवविण्यात उष्णता व्यर्थ जाते, हे त्याने हेरले. वाफ निराळ्या पात्रात निवविण्याची युक्ती त्याला १७६५ मध्ये सुचली. १७६९ मध्ये पेटंट मिळाले आणि १७७५ मध्ये पार्लमेंटने त्याची मुदत थेट १८०० पर्यंत वाढविली.

हे संरक्षण नसते तर बोल्टनने भांडवल ओतले असते काय, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्यासाठी एकतीस वर्षे? हॉर्नब्लोअरचे दोन सिलिंडरांचे यंत्र या पेटंटापायी न्यायालयात हरले. उच्च दाबाची वाफ तर वॉटला धोक्याचीच वाटे. गंमत अशी की, साध्या क्रँकचे पेटंट पिकार्डकडे असल्याने चक्रगतीसाठी खुद्द वॉटलाच दंतचक्रांचा द्राविडी प्राणायाम करावा लागला!

१८०० मध्ये पेटंट संपले. ट्रेव्हिथिकची उच्चदाबाची गाडी १८०१ मध्ये रस्त्यावर, तर १८०४ मध्ये रुळांवर धावली. वॉट तोवर व्यवसायातून निवृत्त झाला होता. १८१९ मध्ये संपन्नावस्थेत तो निवर्तला.