वचनाचे रूळ

अमेरिकन उद्योजक मायनर कीथ (१८४८–१९२९) १८७१ मध्ये कोस्टारिकात आला. सॅन होझे ते लिमोन बंदर हा लोहमार्ग तेथील सरकार बांधवून घेत होते. त्याच्या भरवशावर कीथने रुळांकाठी केळीच्या बागा लावल्या. परंतु १८८२ च्या सुमारास सरकारी तिजोरी रिती झाली व काम अडले. कीथने इंग्लंडमधून भांडवल उभारले आणि १८८४ च्या करारान्वये आठ लाख एकर जमीन व रेल्वेचा ९९ वर्षांचा पट्टा पदरात पाडून घेतला. १८९० मध्ये मार्ग पुरा झाला. हजारो मजुरांचे प्राण मात्र त्यापायी गेले. वचनभंग पचविण्याची ही ऐपत सामान्य गुंतवणूकदाराजवळ नसते. परमुलखात भांडवल घालणाऱ्याने सरकारी आश्वासनाला तारण मानू नये. आणि वचन न पाळणाऱ्या सरकारला अखेर आपली भूमीच गहाण टाकावी लागते, याचा राज्यकर्त्यांनीही विसर पडू देऊ नये.