पोटातला गोळा आणि जेनचं धैर्य

बाईचं पोट वाढायला लागलं की घरच्यांचा, शेजारणींचा आणि बरेचदा तिचा स्वतःचाही पहिला अंदाज एकच असतो, दिवस गेले असतील! जेन टॉड क्रॉफर्डच्या बाबतीतही तेच झालं. गोष्ट आहे १८०९ सालची, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली. वैद्यकाच्या इतिहासात या बाईचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. पण ती ना राणी होती ना विदुषी. तुमच्याआमच्यासारखीच एक संसारी बाई.

जेनचा जन्म १७६३ सालचा, व्हर्जिनियातला. १७९४ मध्ये थॉमस क्रॉफर्डशी तिचं लग्न झालं. मुलंबाळं झाली. १८०५ मध्ये हे कुटुंब केंटकीत ग्रीन्सबर्ग गावाजवळ राहायला आलं. आजूबाजूला जंगल, वस्ती विरळ, थंडी कडाक्याची. दवाखाना वगैरे काही नाहीच. असल्या ठिकाणी संसार चालवायचा म्हणजे दुखणी अंगावर काढायची सवयच लागते.

वयाच्या पंचेचाळिशीत तिचं पोट वाढू लागलं. तिथल्या दोन डॉक्टरांनीही ती गरोदर असल्याचंच धरलं. नऊ महिने उलटून गेले, कळांसारखं दुखायला लागलं, पण बाळंतपण काही होईना. शेवटी साठ मैलांवरच्या डॅनव्हिल गावातून डॉक्टर एफ्रेम मॅकडॉवेल यांना बोलावणं गेलं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला जाऊन शिकून आलेला हा डॉक्टर डिसेंबरच्या थंडीत घोड्यावरून तिच्या घरी पोचला.

त्यांनी जेनला नीट तपासलं. गर्भाशय रिकामं होतं. मूल नव्हतंच! अंडाशयाला, म्हणजे ओव्हरीला, मोठी गाठ झाली होती. बाळाची वाट बघणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पण यापुढे जे घडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. मॅकडॉवेल यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. खोटा धीरही दिला नाही. पोट उघडलं तर माणूस वाचत नाही, असं तेव्हाचे मोठमोठे सर्जन मानत. अशी गाठ कोणी यशस्वीपणे काढल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. हा प्रयोगच ठरेल, तुझी तयारी असेल तर डॅनव्हिलला ये, मी करून बघतो, अशा अर्थाचं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. नुसतं बसून राहिलं तर मरण ठरलेलं, आणि ऑपरेशनमध्येही मरणाची भीती. निर्णय तिनं घ्यायचा होता.

जेननं जायचं ठरवलं. ऐन हिवाळ्यात घोड्यावरून साठ मैल, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटरचा प्रवास! पोटाचा भार खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकलेला. घासून घासून तिथं पोट काळंनिळं पडलं होतं. तरी ती डॅनव्हिलला पोचली.

डॉक्टरांच्या घरातच ऑपरेशन झालं. तो दिवस नाताळचा होता, असं मानतात. भूल द्यायची सोय नव्हती. ईथरची भूल देऊन जाहीरपणे शस्त्रक्रिया व्हायला १८४६ साल उजाडावं लागलं. जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून काय करायचं, हे तर त्याहून नंतर कळलं. जेन शुद्धीवर होती. ती प्रार्थनास्तोत्रं म्हणत राहिली, असं सांगतात. पंचवीस मिनिटांत काम आटोपलं. निघालेल्या गाठीचं आणि आतल्या द्रवाचं वजन मिळून साडेबावीस पौंड, म्हणजे दहा किलो भरलं!

पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेले, तर ही बाई आपलं अंथरूण आवरत होती! पंचविसाव्या दिवशी ती घरी परतली. त्यानंतर ती बत्तीस वर्षं जगली. १८४२ मध्ये इंडियाना राज्यात वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिचं निधन झालं. तिचे डॉक्टर तिच्या आधीच, १८३० मध्ये, गेले होते. आज ग्रीन्सबर्गमधल्या रुग्णालयाला जेनचं नाव आहे.

या गोष्टीला एक दुसरी बाजूही आहे. मॅकडॉवेल यांनी १८१७ मध्ये आपल्या तीन ऑपरेशनांची माहिती छापली. जेन सोडून उरलेल्या दोघी कृष्णवर्णीय होत्या, आणि तो काळ गुलामगिरीचा होता. त्यांची नावंसुद्धा त्यात नाहीत. जेनला निर्णय घ्यायची संधी मिळाली. त्या दोघींना कोणी विचारलं होतं का?

मैत्रिणींनो, म्हणूनच जेनची गोष्ट फक्त सोसण्याची नाही. तिनं आधी आपल्या पोटात काय आहे ते समजून घेतलं आणि मग स्वतः ठरवलं. आज आपल्याला घोड्यावर बसायची गरज नाही. तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी होते. तरी ओटीपोटात गाठ लागली की आपण महिनोन्महिने गप्प बसतो. मुलीचं लग्न होऊ दे, सुगी आटपू दे, असं म्हणत राहतो. गाठ म्हणजे कॅन्सरच, या भीतीनंही पाय अडतो. खरं तर यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या किंवा अंडाशयातल्या साध्या पाण्याच्या गाठीही असतात. पण कोणती गाठ कसली, हे तपासल्याशिवाय कळत नाही. पोट सतत फुगल्यासारखं वाटणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार लघवीला लागणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, यातलं काहीही असलं तर दाखवून या. पोटात एकदम असह्य कळ येऊन उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी जा.

आणि घाबरून लगेच पिशवी काढून टाकायलाही हो म्हणू नका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न केवढा गाजला होता! गाठ कसली आहे, औषधानं भागेल का, नुसती गाठ काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रिपोर्ट जपून ठेवा. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. एकटीला भीती वाटली तर बहिणीला, जावेला, शेजारणीला सोबत न्या.

जेनजवळ ना सोनोग्राफी होती ना भूल. आपल्याजवळ दोन्ही आहे. आता पाऊल तेवढं आपणच उचलायचं आहे.